अल्याडनं ये

अहो, ती काठी खाली ठेवा. तीच, कोपऱ्यातली. ती भंगारात द्यायची नाही.

बाकी ह्या दुकानातलं काय हवं ते उचला. फुटके पंप घ्या, गंजलेले पाइप घ्या, जळालेल्या मोटारी घ्या. मीही तसा गंजलोच आहे, बायको हो म्हणाली तर मलाही घाला काट्यावर. पण काठीला हात नाही. काय म्हणालात? जरा ओरडून बोला, माझे कान पंपांनी खाल्ले. का म्हणून विचारताय? आता विचारलंत ना, मग बसा. त्या डब्यावर नको, त्यात ग्रीस आहे, पँट जाईल. ह्या खोक्यावर बसा. चहा येतोय. रोज लोखंड घेऊन जाता, आज एक गोष्ट घेऊन जा. पुढल्या गल्लीत चार जणांना सांगाल, अशी आहे. शेवटी तुमच्याकडं एक मागणं आहे माझं, पण ते आधीच सांगितलं तर तुम्ही उठून जाल, म्हणून शेवटी.

तर ऐका. माझा बाप नावाडी होता. इथून खाली नदी जिथं मोठ्ठी वळते ना, तिथं उतार होता. उतार म्हणजे नाव लागायची जागा, दोन्ही काठांना एकेक. आता काठ नीट डोक्यात धरा, सगळा घोटाळा काठांचाच आहे. हे दुकान आहे तो सडकेचा काठ. तुमची गाडी येते तो. आणि समोरचा, तो पायवाटेचा काठ. तिकडं मोटार जात नाही, आजही नाही. आमचं झोपडं त्या पायवाटेच्या काठाला, आणि नावही तिथंच बांधलेली.

मग सडकेच्या काठाला कुणी येऊन उभा राहिला, तर नावाड्याला कळणार कसं? तर तिथं वाळुंजाचं एक जुनं झाड होतं. त्याच्या फांदीला बापानं रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगला होता. दगड उचलायचा आणि हाणायचा. एक टोला म्हणजे एकटा माणूस आहे. दोन टोले म्हणजे ओझं आहे, नाव रिकामी आण. टोला पडला की बाप झोपड्यापासून ओरडायचा, "आलोऽऽ!" जेवत असो, झोपलेला असो, तापानं फणफणत असो, आधी "आलोऽऽ" आणि मग बाकीचं. तो म्हणायचा, "माणूस थांबतो रे. हवा तेवढा थांबतो. आपलं कुणीतरी ऐकलंय, एवढं त्याला कळलं की झालं."

आई मी रांगत होतो तेव्हाच गेली. मला वाढवलं ताईनं. तीही काही मोठी नव्हती, पण कंबरेवर मी आणि हातात वल्हं, अशी उभी राहायची. मी चालायला लागलो तसा मला काठाकाठानं हात धरून हिंडवायची, कारण सोडला की मी थेट पाण्यात. असा करकचून धरायची की संध्याकाळी मनगटावर तिची बोटं उठलेली असायची. मला ती छोट्या म्हणते. माझे पुढचे दात पडले, तरी छोट्याच.

मग पूल झाले. एक वर आपल्या इथं, एक खाली. नाव बंद झाली, बाप गेला. ताईचं लग्न खालच्या गावात झालं, पायवाटेच्याच काठाला. शिवणकाम करायची. त्या गावातली तीन पिढ्यांची पोरं तिनं शिवलेल्या चड्ड्या घालून शाळेत गेली. मी इकडं येऊन पंप शिकलो. काठानं चालत निघालं तर माझ्याकडून तिच्याकडं पोचायला सबंध दिवस लागतो, आणि उतार बरोबर मध्यावर. पण चालतंय कोण? लग्न असलं, मयत असलं की बसनं जायचं, गर्दीत "बरी आहेस ना, बरा आहेस ना" करायचं आणि परत. शिलाई तिला सोडेना, पंप मला सोडेनात.

गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत फोन आला. मला फोनवर काही कळत नाही, तो उंदरासारखा चिरचिरतो नुसता. म्हणून बायको ऐकते आणि माझ्या कानात ओरडते.

"ताई चालल्या," बायको ओरडली.

माझ्या हातातला पाना पडला. "कुठं चालली? काय झालं?"

"अहो, तशा नाही हो! मुलीकडं चालल्यात. परदेशात. कायमच्या. भाची आलीय न्यायला, विमान आहे."

"मग असं ओरडतात का?"

"तुमच्याशी दुसरं कसं बोलतात?" ती म्हणाली, आणि परत फोनला कान लावला. "ताई म्हणतायत, जायच्या दिवशी त्या उतारापर्यंत चालत येणार. तुम्ही वरून या, त्या खालून येतील. दुपारी तिथं बसून दोघांनी जेवायचं. पुढं त्यांना न्यायचं ते भाची बघेल."

"चालत? अगं, तिचे गुडघे?"

"ते मी विचारलं. म्हणाल्या, गुडघे माझे आहेत, तुझ्या नवऱ्याचे नाहीत."

मी उभ्या उभ्या नाचलो हो. ह्या इथंच, ह्या ग्रीसमध्ये. मला काय पाहिजे होतं सांगू? फार नाही. तिचा हात धरून त्या काठानं थोडं चालायचं होतं. आता हाताची गरज तिला, धरणार मी. एवढंच. विमान बिमान मग येऊ दे.

"आणि हो," बायको फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अल्याडनं ये म्हणाल्यात."

झालं! तिथं माशी शिंकली. बायको म्हणते, "अल्याड म्हणजे आपली बाजू. सडकेनं जा."

मी म्हटलं, "बोललं कोण?"

"ताई."

"मग अल्याड कुणाची? जो बोलतो त्याची. ती तिच्या घरात उभी राहून अल्याड म्हणाली, म्हणजे तिचा काठ. पायवाटेचा. शिवाय आपलं झोपडं तिकडंच होतं, आमची जन्माची अल्याड तीच."

"पण सांगितलं कुणाला? तुम्हाला. मग तुमची अल्याड."

"तू नावाड्याची पोरगी आहेस का मी नावाड्याचा पोरगा आहे?"

"मी फोन लावून विचारते."

"काही नको! अल्याड कुठली हे तिला विचारलं तर तिथून थोबाडीत मारेल."

असा मी शहाणा. आणि मग चार दिवस दुसरं काही केलं नाही, तिच्यासाठी काठी बनवली. हीच ती. बघा हातात घेऊन, आता घ्या. हलकी आहे ना? पंपाचा पातळ पाइप आहे, आतून पोकळ. मूठ जुन्या झडपेची, घासून घासून अशी केलीय की म्हाताऱ्या हाताला कुठं टोचणार नाही. आणि खाली बघा, रबरी वायसर, एकावर एक बसवलेत. ओल्या दगडावर ठेवा, भिंतीवर ठेवा, घसरणार नाही. गिऱ्हाइकं दारात उभी राहून शिव्या देत होती, पंप कधी देतोस म्हणून. मी म्हटलं, माझी बहीण विमानात बसायची आहे, तुमचा मका दोन दिवस तहानेला राहिला तर मरत नाही.

त्या दिवशी उजाडायच्या आत पूल ओलांडला. डब्यात उकडलेले बटाटे, अंडी, थर्मासमध्ये चहा. पुलावर धुकं इतकं की नदी दिसत नव्हती. ऐकू तर मला येतच नाही. पण कठड्याला हात लावला तर तो थरथरत होता, पाणी खालून जात होतं ना. म्हटलं, चला, आहे बाई जागेवर.

आणि तुम्हाला काय सांगू दादा, पुढं जे सुरू झालं! झोपडं सुटल्यापासून सगळा जन्म ह्या नदीवर काढला, पण सडकेच्या काठाला. पंप इकडं, विहिरी इकडं, बोंबलणारी गिऱ्हाइकं इकडं. समोरचा काठ रोज दिसायचा, तो भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा. त्याच्यात कोणी शिरतं का? आणि मी शिरलो! सूर्य वर आला, धुकं फाटलं, आणि वाळुंजाची झाडं ओळीनं पिवळीधमक, फांद्या पाण्यात सोडून उभी. वारा आला की पानांचा हा लोंढा पाण्यावर. मी एक पान धरलं, म्हणजे नजरेनं धरलं. शेंड्याला लाल होतं. म्हटलं, चल, बघू ताईकडं आधी कोण पोचतंय. आणि हा म्हातारा, हातात बहिणीची काठी, पानाशी शर्यत लावून पळतोय! ते कुठं भोवऱ्यात अडकलं की मी थांबायचो. "सुट रे बाबा," म्हणायचो, "उशीर होतोय." एका ठिकाणी बगळ्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मला शर्ट नीट करावासा वाटला.

पहिलं गाव लागलं. छपराछपरांवर भोपळे वाळत ठेवलेले, केशरी, जसे काही घरांना गालगुंडं झालीत. एक म्हातारबाबा उन्हात वाळुंजाच्या ओल्या काड्यांची टोपली विणत बसले होते. मला बघून हात थांबवला.

"कोण हो?"

"नावाड्याचा धाकटा."

"कुठला नावाडी? तो आलोऽऽ वाला?"

बघा! माणूस मातीत जाऊन किती वर्षं झाली, नाव कुणाच्या ध्यानात नाही, पण हाक आहे. माझी छाती ही एवढी झाली.

"काय आवाज होता," म्हातारबाबा म्हणाले. "वारं बरोबर असलं की इथवर यायचा. आमची पाळण्यातली पोरं दचकून उठायची. माझी बायको म्हणायची, तो आला तर येऊ दे, पण गपचूप येऊ दे."

मी हसलो. म्हटलं, "खालून माझी बहीण यायची आहे. म्हातारी बाई, गुडघ्यानं अधू. दिसली का?"

"सकाळपासून इथून दोन शेळ्या गेल्या आणि तू आलास."

म्हटलं, असेल मागं. सावकाश चालत असेल.

पुढल्या गावात बायका बटाटे खणत होत्या. एकीनं मला हटकलं, "काठी टेकत नाही नुसती मिरवतोय, असा कसा म्हातारा?" मी सांगितलं कुणाची काठी ते. तर सगळ्या जमल्या, काठी हातोहात फिरली. एकीनं टेकून बघितली, म्हणाली, "माझ्या भावानं मला लग्नात एक पेटी दिली, तिचं झाकण आजवर लागलेलं नाही." आणि झाडाची दोन नासपती तोडून मला दिली. "एक तुम्ही खा, एक ताईला." मी दोन्ही खिशात घातली. ताईबरोबर खाईन म्हटलं.

त्यांनाही विचारलं. खालून कुणी आलेलं नव्हतं.

तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. आनंदात होतो ना. आनंदात माणसाला आपण सोडून कुणाचंच बरोबर वाटत नाही. मोटार त्या पायवाटेनं येणार कशी, एवढासुद्धा विचार केला नाही.

वळण आलं, आणि मी खरंच पळालो. उतार! झोपडं नाही, काही नाही. जोत्याचे चार दगड, आणि नाव बांधायचा तो खुंट, तिरका झालेला. खुंटाला दोराची खाच अजून तशीच. त्यात मी बोट घालून बघितलं, आख्खं बोट गेलं. आसपास पंचवीसतीस बदकं, आणि त्यांना राखणारी एक बाई. मी इकडं बघतो, तिकडं बघतो. खालच्या वाटेवर कुणी नाही.

आणि मग त्या बाईनं मला कोपरानं ढोसलं आणि समोर बोट दाखवलं.

समोर. सडकेच्या काठाला. वाळुंजाच्या झाडाखाली दगडावर ताई बसलेली. डोळ्यांवर हात धरून वरच्या बाजूला बघतेय, सडकेकडं. माझी वाट बघतेय!

मी ओरडलो, "ताईऽऽ!"

तिनं मान वळवली. बघितलं. आणि उभी राहून दोन्ही हात कपाळावर मारून घेतले. मग तिचं तोंड जे चालू झालं! हात चालतोय, पदर चालतोय, पण मला एक अक्षर ऐकू येत नाही. तिथं नदी भलतीच रुंद आहे, म्हणून तर नाव होती. माझा आवाज बापाचा, तो तिला जात होता. तिचा मला येत नव्हता.

बदकवालीला म्हटलं, "बाई, काय म्हणतेय ती?"

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"पंपांनी खाल्ले."

तिनं कान टवकारले. तिचा चेहरा असा खुलला, जसं काही फुकट जत्रा मिळाली, आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "सांगू ना? राग नाही ना धरणार?"

"सांग."

"म्हणतायत, गाढवा."

"बरं."

"अल्याडनं ये म्हटलं होतं ना, गाढवा. दोनदा म्हणाल्या गाढवा, मी एकदाच सांगितलं होतं."

मी ओरडलो, "मी अल्याडलाच आहे! तू बोललीस, म्हणजे तुझी अल्याड!"

बदकवाली ऐकून म्हणाली, "म्हणतायत, तुला सांगत होते ना, म्हणजे तुझी अल्याड. म्हणतायत, तुझ्यासाठी अंधारात उठून पूल ओलांडला मी. तुझी पायपीट वाचावी म्हणून."

"मी पण ओलांडला! तुझे गुडघे वाचावेत म्हणून!"

आणि मग काय झालं माहितीय? ताई हसायला लागली. मला ऐकू येत नव्हतं, पण ती हसली की खांद्यापासून हसते, ते दिसत होतं. दगडावर बसली, पोट धरलं, परत उठली. मी हसलो. बदकवाली तर अशी हसली की बदकं पाण्यात पळाली. तिनं माझा विचार करून तिचा काठ सोडला, मी तिचा विचार करून माझा सोडला, आणि आता ती माझ्या काठाला आणि मी तिच्या. जगात दुसरं कुणी असा गोंधळ घालेल का हो?

हसता हसता माझ्या लक्षात यायला लागलं. पूल वर तिकडं, नाहीतर खाली तिकडं. कुठूनही गेलो तरी पोचायला अंधार पडणार. विमान रात्रीचं.

"नाव नाही का गं कुणाची?" मी बदकवालीला विचारलं.

"नाव? इथं? बदकं आहेत, बसून बघता?"

मी चपला काढल्या आणि पाण्यात शिरलो. घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, पाणी बर्फ होतं. समोर ताई दोन्ही हात हलवायला लागली, आणि ह्या वेळी बदकवालीला सांगावं लागलं नाही, मला हातांवरूनच कळलं. बाहेर निघ, छोट्या. तेच ते, लहानपणचं. मी निघालो बाहेर.

बदकवाली म्हणाली, "म्हणतायत, भूक लागलीय. तू पण डबा काढ. आहे तिथंच बस, समोर."

मग आम्ही जेवलो. दोघं दोन काठांना, मध्ये सगळी नदी. तिनं डबा उघडला, मी उघडला. मी अंडं वर करून दाखवलं, तिनंही अंडं वर केलं. बदकवालीला बटाटा दिला, ती खाता खाता मधलं काम करत होती आणि पदरचंही घालत होती. "म्हणतायत, कानाला यंत्र लाव. मी पण तेच म्हणते." "म्हणतायत, बायकोला त्रास देतोस का? देत असणार, तोंडावरून दिसतं."

मी नासपती दाखवलं. फेकू म्हटलं. पोरपणी माझा दगड सहज पल्याड जायचा. खांद्यापासून ताकद लावून हाणलं, आणि ते अर्ध्यात नाही पोचलं, डुबुक. दोन बदकं त्याच्या मागं.

"म्हणतायत, म्हातारा झालास."

मग मी काठी दाखवली. तिकडून कळावं म्हणून उताराच्या ओल्या दगडांवर टेकत टेकत वर चढलो, खाली उतरलो, परत चढलो. ओरडून सगळं सांगितलं, मूठ कसली, वायसर कसले. ताई उभी राहून बघत होती.

"काय म्हणतेय?"

"थांबा. हां. म्हणतायत, परत एकदा चालून दाखव."

मी परत एकदा चाललो.

"म्हणतायत, ठेव नीट. पुढल्या पानगळीला येऊन घेईन." आणि मग बदकवालीचा आवाजच बदलला. "म्हणतायत, बाबा गेल्यापासून मी आपल्या झोपडीशी कधी बसले नाही. आज बसायचं मनात होतं, तुझ्यासाठी सोडलं, आणि ते तुझ्याच वाटणीला आलं. तिथं काय काय राहिलंय ते सांग मला."

मी सांगितलं. जोत्याचा कुठला दगड हलला, कुठला नाही. चूल होती तिथं आता पिवळं गवत आलंय. खुंट वाकलाय, पण आहे. मी खुंटाला मिठी मारून ओरडलो, "दोराची खाच आहे गं अजून! आख्खं बोट जातं आत!"

तिनं पदर तोंडाला लावला. बदकवाली दुसरीकडं बघायला लागली. बदकं मोजत होती म्हणे.

बराच वेळ आम्ही तसेच बसलो. पाण्यावरून पानं चालली होती आमच्या मधनं. त्यात माझं लाल शेंड्याचं असेल, मला ओळखता आलं नाही.

मग सडकेवर मोटार आली. भाची उतरली. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आईला काहीतरी विचारलं. आईनं सांगितलं असणार, कारण भाचीनंही कपाळावर हात मारला. मग तिनं मला दोन्ही हातांनी टाटा केला आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. बिचारी काय करणार? मोटार पायवाटेला येत नाही. विमान कुणासाठी थांबत नाही.

ताई उठली. भाचीनं तिचा हात धरला. मी बघत होतो हो, कसा धरलाय. बरोबर धरला होता, कोपराच्या खाली. चार पावलं गेली, आणि ताईनं हात सोडवून घेतला. एकटीच परत आली. वाळुंजाच्या झाडाखाली गेली, वाकली, दगड उचलला.

तो रुळाचा तुकडा, दादा, तो तिथं होता! बापानं टांगलेला. फांदीनं तार गिळून टाकली होती, म्हणून टिकला.

तिनं हाणला. एक टोला.

बदकवाली तोंड उघडून मला सांगायला लागली, "काका, त्या..."

मी म्हटलं, "थांब. हे मला ऐकू आलं."

खरंच ऐकू आलं. कानानं का छातीनं, ते विचारू नका. बायकोची हाक मला येत नाही, हॉर्न येत नाही, पण तो टोला पाण्यावरून सरळ माझ्यापर्यंत आला. एक टोला. एकटा माणूस आहे, नेणार का?

मी उठलो. बाप उभा राहायचा त्या दगडावर उभा राहिलो. आणि जेवढा म्हणून जीव होता तेवढा ओतून ओरडलो, "आलोऽऽ!"

ताईनं मान हलवली. एवढीच, अशी. दगड हळूच खाली ठेवला, जिथून उचलला होता तिथंच. मग लेकीचा हात धरून मोटारीत बसली.

मी घरी आलो तेव्हा बायको दारात होती. माझ्या हातात काठी बघितली आणि सगळं समजली. "मी सांगितलं होतं ना," एवढं म्हणायचा पुरता हक्क होता तिचा. म्हणाली नाही. चपला ओल्या का, तेवढं विचारलं. आता तिकडून फोन येतो. बायको ऐकते, माझ्या कानात ओरडते. बरी आहे म्हणते. तिकडं पण नदी आहे म्हणते, पण काठाला सगळीकडं कठडा आहे, पाण्याला हात लागत नाही. गुडघे काही बरे नाहीत. पुढल्या पानगळीला येते म्हणते. ती पानगळ आता आलीच की. काल माझ्या दारात पहिलं पिवळं पान पडलं. बघू. काठी तर तयार आहे, वायसर नवे घातलेत.

घ्या चहा, निवला.

आता ते मागणं. मघाशी तुमची गाडी गटारावरच्या फरशीवरून आत वळली, तेव्हा मी पळत बाहेर आलो, आठवतं? तुम्हाला वाटलं तुमची आरोळी ऐकून आलो. तुमची आरोळी मला कुठली ऐकू येतेय? गाडीत काहीतरी फरशीच्या धक्क्यानं वाजलं. एकदाच. ते गोणपाटाखाली, डाव्या अंगाला, गंजलेला हातभर तुकडा आहे ना रुळाचा, तो. तुम्ही चोरला म्हणत नाही मी. वाऱ्यानं फांदी मोडली असेल, कुणी पोरांनी आणून विकला असेल. तुम्हाला काय माहीत? तुमच्या लेखी लोखंडच ते.

माझ्या दुकानातलं सगळं घेऊन जा, एक शब्द बोलणार नाही. पण तेवढा उद्या दुपारी परत नेऊन टांगा. जाताना सडकेवरच लागतं ते झाड. अल्याडला टांगा असं म्हणणार नाही, शहाणा झालोय आता. सडकेच्या काठाला, जाड फांदीला, म्हातारीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. तार मी देतो, गंजणार नाही अशी. दगड तिथंच पडलेला असेल. आणि टांगलात की तुम्हीच एकदा वाजवून बघा. एकच टोला द्या. मी समोरच्या काठाला उभा असेन.